टँकरभर पाण्यात साखरेचे दोन दाणे!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. बघा सुटतंय का.

समजा, तुमच्या वर्गात दोन मुली आहेत. दोघींचा चेहरा फिकट. खेळाच्या तासाला मैदानाला एक फेरी मारली की दोघीही धापा टाकतात. अभ्यासात दोघींचं लक्ष लागत नाही. घरी दोघींच्या आया म्हणतात, "नीट जेवत नाही, दुसरं काय!" शेजारच्या काकू सांगतात, "अहो, हिला एखादं टॉनिक सुरू करा." आता सांगा, दोघींना एकच टॉनिक दिलं तर दोघीही बऱ्या होतील का?

"हो" म्हणालात? थांबा जरा. एकीच्या अंगात लोह कमी असेल आणि दुसरीच्या अंगात बी-१२ नावाचं जीवनसत्त्व कमी असेल, तर? लोहाच्या टॉनिकाने पहिली टुणटुणीत होईल आणि दुसरी आहे तशीच राहील. आणि एखादीच्या पोटात नुसते जंतच असतील! चेहरा तिघींचाही फिकटच दिसणार.

मग ओळखायचं कसं? चेहऱ्याला विचारून उपयोग नाही. रक्तालाच विचारायला हवं. आणि रक्ताला प्रश्न विचारण्याचं हे शास्त्र ज्या गावांमध्ये वाढलं, त्यांत आपली मुंबई आहे आणि आपल्या शिरवळपासून पन्नास किलोमीटरवरचं पुणंही आहे बरं का!

गिरणगावात आलेल्या डॉक्टरबाई

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. तेव्हा मुंबईत कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना बाळ होण्याच्या वेळी एक भयंकर रक्तक्षय होत असे. अंगातलं रक्त इतकं कमी व्हायचं की कितीतरी आया त्यात दगावायच्या. असं का होतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्सबाईंनी काम सुरू केलं. त्यांनी या बायकांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काय दिसलं? तांबड्या पेशी संख्येने कमी होत्या, पण आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या! लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात. इथे तर उलटंच होतं. म्हणजे हा रोग लोहाचा नव्हता.

मग बाईंनी या बायका काय खातात, याची चौकशी केली. ज्यांच्या ताटात सगळ्यांत कमी प्रकारचं अन्न होतं, त्यांनाच हा रोग जास्त होत होता. त्यांनी उंदरांना आणि माकडांना तसलंच अन्न देऊन पाहिलं आणि मग एकेक पदार्थ वाढवून पाहिला. शेवटी कामी आलं ते मार्माइट. मार्माइट म्हणजे यीस्टपासून बनवलेला, पावाला लावून खायचा एक काळपट, खारट पदार्थ. अगदी स्वस्त! मार्माइट दिल्यावर आजारी माकड सुधारलं आणि मग आजारी बायकाही सुधारल्या. १९३१ साली बाईंनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं.

मार्माइटमध्ये असं काय होतं? ते विल्सबाईंनाही सांगता येईना. म्हणून लोक त्याला नुसतं "विल्स फॅक्टर" म्हणू लागले. पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं. पानाला लॅटिन भाषेत "फोलियम" म्हणतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं फॉलिक अॅसिड. १९४५ च्या सुमाराला ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख कोण होते माहीत आहे? आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव! मुंबईच्या आयांच्या रक्तात पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असं जगभर फिरून मिळालं.

मोठ्या पेशी, लहान पेशी

आता तुम्ही विचाराल, जीवनसत्त्व कमी पडलं तर पेशी मोठी का होते? उलट बारीक व्हायला हवी!

त्याचं असं आहे. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात रात्रंदिवस नव्या पेशी तयार होत असतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी आतल्या सूचनांची, म्हणजे डीएनएची, एक नक्कल काढावी लागते. या कामाला फॉलिक अॅसिड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. ती नसली की नक्कल अर्धवट राहते. पेशी वाढत जाते, पण दुभंगत नाही. मग थोड्याच, पण फुगलेल्या पेशी रक्तात येतात.

डॉक्टर पहिल्यांदा जी साधी तपासणी सांगतात, तिला सी.बी.सी. म्हणतात. तिच्यात पेशींची संख्या, हिमोग्लोबिन आणि पेशींचा सरासरी आकार कळतो. पण इथे एक गंमत आहे. शाळेत पहिलीतली वीस मुलं आणि नववीतली वीस मुलं एकाच रांगेत उभी करा आणि सरासरी उंची काढा. उत्तर येईल पाचवीतल्या मुलाएवढं. आणि रांगेत पाचवीतलं एकही मूल नाही! तसंच, एखाद्याच्या अंगात लोहही कमी आणि बी-१२ ही कमी असेल, तर काही पेशी लहान आणि काही मोठ्या. सरासरी निघते अगदी "नॉर्मल". गणित बरोबर, पण माणूस आजारी! म्हणून नुसत्या सरासरीवर न थांबता काचेवर पसरलेलं रक्तही नजरेखालून घालावं लागतं. आणि शंका आली तर जीवनसत्त्व स्वतंत्रपणे मोजावं लागतं.

किती मोजायचं? ऐका!

पण मोजायचं म्हणजे केवढंसं मोजायचं, ऐका. मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. चिमटीत तर येणार नाहीच, डोळ्यांनीही दिसणार नाही.

रक्तात तर ते त्याहून विरळ असतं. रिपोर्टवर आकडा असतो पिकोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम! एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी बी-१२ असलं, तर बहुतेक ठिकाणी ते कमी समजतात.

हा आकडा डोळ्यांसमोर आणू या. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना? दहा हजार लिटरचा टँकर घ्या. त्यात साखरेचे फक्त दोन दाणे टाका आणि ढवळा. त्यातलं चमचाभर पाणी चाखून "साखर किती आहे?" असं सांगायचं. २०० पिकोग्रॅम मोजणं म्हणजे एवढं अवघड काम. कोण करणार हे?

दह्याचा चुलतभाऊ मदतीला!

हे काम पहिल्यांदा केलं जिवाणूंनी. हो, जिवाणूंनीच!

आपलं दूध विरजणारे जिवाणू तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याच घराण्यातले काही जिवाणू असे आहेत की बी-१२ मिळालं नाही तर ते वाढतच नाहीत. बाकी सगळं पक्वान्न वाढा, पण बी-१२ नसेल तर रुसून बसतील. शास्त्रज्ञांनी या हट्टाचाच उपयोग करून घेतला. मेरी शॉर्ब नावाच्या अमेरिकन बाईंनी जिवाणूंच्या अशाच एका हट्टावरून चाचणी तयार केली. तिच्या मदतीने १९४८ साली बी-१२ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आलं. कसं दिसत होतं? लालचुटूक स्फटिकांसारखं!

चाचणीची कृती समजायला अगदी सोपी आहे. एका नळीत जिवाणूंचं सगळं जेवण घालायचं, फक्त बी-१२ वगळायचं. मग त्यात तपासायच्या रक्तातला द्रव थोडासा घालायचा. जिवाणू सोडायचे आणि नळी उबेला ठेवायची. रक्तात बी-१२ भरपूर असेल, तर जिवाणू भराभर वाढतात आणि नळीतलं पाणी दुधासारखं गढूळ होतं. बी-१२ कमी असेल, तर पाणी निवळच राहतं. शेजारी ठरावीक बी-१२ घातलेल्या नळ्यांची रांग असते. आपली नळी कोणत्या नळीइतकी गढूळ झाली, ते यंत्राने पाहिलं की आकडा मिळाला!

आहे की नाही कमाल? ज्यांना आपण तराजूतसुद्धा घालू शकत नाही, ते जिवाणूच आपला तराजू झाले.

आताची संगीत खुर्ची

आज बहुतेक लॅबमध्ये हे काम यंत्रं करतात. ती काय करतात, हे कळण्यासाठी संगीत खुर्चीचा खेळ आठवा.

यंत्रात बी-१२ ला पकडून ठेवणाऱ्या मोजक्या "खुर्च्या" असतात. तिथे दोन संघ सोडतात. एक संघ तुमच्या रक्तातल्या बी-१२ चा. दुसरा संघ लॅबने पाठवलेल्या बी-१२ चा, आणि त्याच्या कपाळावर जणू दिवा बांधलेला. दोन्ही संघ खुर्च्यांसाठी धावतात. ज्यांना खुर्ची मिळाली नाही, ते धुऊन बाहेर जातात. मग यंत्र पाहतं, प्रकाश किती पडला? काजव्यासारखा मंद प्रकाश असतो तो. प्रकाश जास्त म्हणजे खुर्च्या दिवेवाल्यांनी पटकावल्या, याचा अर्थ तुमच्या रक्तातलं बी-१२ कमी. प्रकाश कमी, तर तुमचा संघ जोरात! उलटं गणित आहे, पण फार नेमकं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. सुई दुखते का? खोटं कशाला सांगू, मुंगी चावल्यासारखं टोचतं. दंडाला पट्टा बांधतात, शीर फुगते, कापसाने स्पिरिट लावतात आणि टुचकन सुई! एक चमचाभर, म्हणजे साधारण पाच मिलिलिटर रक्त घेतात. २८ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असतं. म्हणजे चारशे चमच्यांपैकी एक चमचा. शरीर तेवढं सहज भरून काढतं.

नळ्यांची टोपणं बघून ठेवा. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ती सी.बी.सी.साठी. जीवनसत्त्वासाठी बहुधा लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी वापरतात. तिच्यातलं रक्त गोठू देतात आणि गरगर फिरवतात. मग गुठळी तळाशी बसते आणि वर पिवळसर, नितळ द्रव येतो. तो म्हणजे सीरम. शिरवळसारख्या गावात लहान लॅबवाले पुष्कळदा हा द्रव थंड डब्यात घालून मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवतात. म्हणून साध्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो आणि बी-१२ चा एखाद-दुसरा दिवस उशिरा येतो. उगीच लॅबवाल्या दादांवर रागावू नका!

पुण्याजवळची सहा गावं

आता मी तुम्हाला नीरेच्या पलीकडे नेते. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. आई होणार असलेल्या बायकांचा आहार, वजन आणि रक्त तपासायचं आणि पुढे जन्मलेल्या मुलांनाही वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा हा अभ्यास. या अभ्यासात बी-१२ मोजायला कोण होतं, माहीत आहे? तोच दह्याचा चुलतभाऊ!

रक्ताने काय सांगितलं? विल्सबाईंच्या मुंबईत फॉलिक अॅसिड कमी होतं. म्हणून इथेही तेच कमी असेल, असा अंदाज कुणीही केला असता. पण या गावांतल्या आयांमध्ये फॉलिक अॅसिड जवळजवळ सगळ्यांचंच ठीक होतं. मेथी, चाकवत, डाळी खाणारी ही घरं! कमी होतं ते बी-१२, आणि तेही दर तीन आयांपैकी दोघींना.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचंही रक्त तपासलं. ज्या आयांना बी-१२ कमी आणि फॉलिक अॅसिड मात्र जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सगळ्यांत अवघड झालेलं दिसलं. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारं द्रव्य. त्याचं काम अवघड होणं ही पुढे मधुमेह होऊ शकतो याची एक खूण असते. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आईच्या रक्तातला तो टँकरमधल्या दोन दाण्यांचा हिशेब मुलाच्या अंगात सहा वर्षांनी दिसला!

आणखी एक नवल. २००६ साली याच गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताचा अहवाल प्रसिद्ध केला. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरातल्या मध्यमवर्गीय घरांतले. सांगा, बी-१२ कुणाचं सगळ्यांत कमी असेल? गरिबांचं? चूक! एकूण १०० पैकी ६७ जणांचं कमी होतं, पण शहरातल्या मध्यमवर्गीयांत ते १०० पैकी ८१ जणांचं कमी निघालं. पोटभर खाणाऱ्यांच्या घरातही एक उपाशी कोपरा असू शकतो, तो असा.

या अभ्यासातली बाळं पुढे मोठी झाली. २०१२ साली, ती सतरा वर्षांच्या आसपास असताना, त्यांच्यासाठीच "प्रिया" नावाचा नवा प्रयोग सुरू झाला. त्यात काही गटांना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं ठरलं. उद्याच्या आईबाबांचं रक्त आजच सुधारलं तर उद्याच्या बाळांना फायदा होईल, हा त्यामागचा विचार.

आणि तुमच्या वयाच्या मुलांचं काय? २०१६ ते २०१८ मध्ये केंद्र सरकारने युनिसेफच्या मदतीने देशभरातल्या सुमारे ५१ हजार मुलांचे नमुने तपासले. ५ ते ९ वर्षांच्या मुलांत १०० पैकी १७ जणांचं बी-१२ कमी होतं आणि २८ जणांचं फॉलिक अॅसिड. १० ते १९ वर्षांच्या मुलांत हेच आकडे ३१ आणि ३७. बघा, पुण्याजवळच्या आयांचं फॉलिक अॅसिड ठीक, आणि देशातल्या मुलांचं नाही. जागा बदलली, ताट बदललं की उत्तर बदलतं. म्हणूनच मोजावं लागतं.

बी-१२ येतं कुठून?

आपल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या गुरांच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारलात तर ते हसून गायीच्या पोटाकडे बोट दाखवतील.

बी-१२ कोणतंही झाड तयार करत नाही, कोणताही प्राणीही करत नाही. ते तयार करतात फक्त जिवाणू आणि त्यांचे जातभाई असलेले काही सूक्ष्म जीव. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात असे असंख्य जीव राहतात. चाऱ्यातून आलेला कोबाल्ट नावाचा धातू घेऊन ते बी-१२ बनवतात. ऑस्ट्रेलियात पूर्वी हिरव्यागार कुरणात चरूनसुद्धा मेंढ्या झुरून मरत. १९३५ च्या सुमाराला कळलं की तिथल्या मातीत कोबाल्ट नव्हता! कोबाल्ट नाही, म्हणून बी-१२ नाही, आणि म्हणून पोट भरूनही मेंढी उपाशी.

म्हणून आपल्याला बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण यांतून. भाकरी, भाजी, उसळ, फळं यांत बाकी पुष्कळ चांगलं असतं, पण बी-१२ नसतं. शाकाहारी घरात दुधाचा आधार मोठा. पुण्यात तरुण शाकाहारी मंडळींना रोज तीन वेळा २०० मिलिलिटर म्हशीचं दूध दोन आठवडे देऊन पाहिलं. तेवढ्यातच रक्तातलं बी-१२ सुधारताना दिसलं. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा सगळं दूध डेअरीला घालून घरात नुसता कोरा चहा, असं होऊ देऊ नका, एवढं घरी सांगा.

अंदाजाने गोळी का नको?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ही आईबाबांनाही वाचून दाखवा.

तुम्ही म्हणाल, एवढी तपासणी कशाला? सगळ्याच गोळ्या एकदम घेऊन टाकल्या तर? १९४० च्या दशकात फॉलिक अॅसिड नवं होतं. तेव्हा बी-१२ अंगी न लागणाऱ्या काही रोग्यांना डॉक्टरांनी ते दिलं. रक्त सुधारलं. पेशी पुन्हा नीट दिसू लागल्या. सगळे खूश झाले. पण रोग्यांच्या हातापायांना मुंग्या येत राहिल्या, चालताना तोल जाऊ लागला. कारण बी-१२ चं दुसरं काम आहे मज्जातंतू सांभाळण्याचं, आणि ते काम फॉलिक अॅसिडला येत नाही! रक्ताने दिलेली धोक्याची घंटा फॉलिक अॅसिडने बंद केली, पण आग आत चालूच राहिली. मज्जातंतूंची हानी फार दिवस चालली, तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही.

म्हणून मनाने टॉनिक नको. आधी विचारा, मग औषध.

पण मुलांनो, यावरून शाळेत दर आठवड्याला मिळणारी गुलाबी किंवा निळी गोळी टाकून देऊ नका हं! तिच्यात लोह आणि फॉलिक अॅसिड असतं. तिचं प्रमाण वयाप्रमाणे विचार करून ठरवलेलं आहे आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती जेवणानंतर बाईंसमोर घ्यायची. मी बोलते आहे ते दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या मोठ्या डोसच्या औषधांबद्दल.

रिपोर्ट हातात आल्यावर

आईबाबांसाठी चार गोष्टी सांगते.

एक: सगळ्या मुलांची ऊठसूट तपासणी करायची गरज नसते. मूल सारखं थकतं, फिकट दिसतं, जीभ लाल होऊन झोंबते, हातापायांना मुंग्या येतात, असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोणती तपासणी करायची, ते डॉक्टर ठरवतील.

दोन: एका तपासणीत सगळी जीवनसत्त्वं कळत नाहीत. बी-१२ वेगळं, फॉलिक अॅसिड वेगळं, उन्हातून मिळणारं डी वेगळं. प्रत्येकाचा प्रश्न निराळा आणि खर्चही निराळा.

तीन: मूल आधीपासून काही गोळ्या घेत असेल, तर रक्त देण्यापूर्वीच सांगा. गोळीमुळे रक्तातला आकडा वाढलेला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

चार: रिपोर्ट म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे. आकडा रेषेच्या जरा खाली आला म्हणजे मूल नापास आणि जरा वर आला म्हणजे पास, असं नसतं. आकडा काठावर असेल, तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी दुसरी तपासणी सांगतात. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साठत जातं. म्हणजे एका साक्षीदाराची खात्री वाटली नाही, तर दुसऱ्याला बोलवायचं! आणि आकड्याइतकंच मुलाकडे पाहणंही महत्त्वाचं.

बी-१२ चा एक चांगला गुण आहे. त्याचा साठा यकृतात असतो आणि मोठ्या माणसाला तो काही वर्षं पुरतो. पण त्यामुळेच कमतरता फार हळू येते आणि उशिरा कळते. बँकेत पैसे आहेत म्हणून खर्च चालू ठेवावा आणि पासबुक कधी उघडूच नये, तसं होतं. रक्ताची तपासणी म्हणजे ते पासबुक.

करून पाहा

एका वहीत सात दिवस लिहा, मी आज काय काय खाल्लं. पुढे तीन रकाने करा. पहिला: हिरवी पालेभाजी आणि डाळी-उसळी, म्हणजे फॉलिक अॅसिड. दुसरा: दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण, म्हणजे बी-१२. तिसरा: अंगावर ऊन घेत किती वेळ खेळलो, म्हणजे डी. रोज ज्या रकान्यात काही आलं, तिथे खूण करा. आठवड्याच्या शेवटी कोणता रकाना रिकामा राहिला, ते आईला दाखवा. आजीचा आणि आईचाही रकाना भरा बरं का! घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणाऱ्यांच्या वाट्याला दूध आणि भाजी कितपत येते, ते त्या वहीत आपोआप दिसेल.

वही रक्त तपासत नाही, हे खरं. पण डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर ते पहिला प्रश्न हाच विचारतील, "रोज काय खातोस?" तेव्हा "सगळं खातो" असं मोघम उत्तर न देता वही पुढे करा. बघा, डॉक्टरही शाबासकी देतात की नाही!